पाण्यात म्हैस, बाहेर मोल : जुन्या डिझेल गाडीच्या सौद्यामागचे विज्ञान आणि इतिहास

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर शोळिंगनल्लूर हे उपनगर आहे. पूर्वेकडे बकिंगहॅम कालवा ओलांडला की समुद्रालगतचा ईस्ट कोस्ट रोड लागतो, पश्चिमेकडे पेरुंबाक्कम आणि मेडवाक्कम; मधल्या पट्ट्यात माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या उंच इमारती. देशभरातून, त्यात पुण्या-नागपूरहूनही, नोकरीसाठी आलेले हजारो तरुण या रस्त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ वाहनांच्या रांगेत उभे असतात. त्यांपैकी अनेकांची पहिली गाडी जुनी असते आणि तिच्या खरेदीचा प्रश्न साधारण एकाच रूपात समोर येतो. २०१४ सालची डिझेल हॅचबॅक, मीटरवर १,८०,००० किलोमीटर. इंजिन एका फटक्यात सुरू होते, धूर नाही, एसी थंड. मात्र दुसरा गिअर टाकताना खरखर होते आणि उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो तसा गाडीचा वेग वाढत नाही. विकणारा सांगतो की काम किरकोळ आहे, क्लचप्लेट बदलली की गाडी नव्यासारखी होईल. किंमत त्याच वर्षाच्या निर्दोष गाडीपेक्षा लाखभराने कमी. अशी गाडी घ्यावी की नाही?

प्रश्न घरगुती वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात सव्वाशे वर्षांचे यंत्रशास्त्र, भारताचे इंधनधोरण, चेन्नईचा पाऊस आणि अर्थशास्त्रातील एक नोबेल पारितोषिक, असे चार इतिहास एकत्र येतात.

डिझेलची ख्याती कोठून आली

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांच्यासमोर मोटारगाडी नव्हती. वाफेच्या इंजिनात कोळशातील ऊर्जेचा फार मोठा भाग वाया जातो, हे त्यांना खुपत होते. हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने इंधन पेटावे, ठिणगीची गरज पडू नये, ही त्यांची कल्पना. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली आणि त्याची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा थक्क करणारा होता.

हे इंजिन प्रथम कारखान्यांत, मग जहाजांत गेले. मोटारगाडीत ते यायला जवळजवळ चार दशके लागली. मर्सिडीज-बेंझची २६० डी ही गाडी १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आली. महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांची डिझेलशी ओळख गाडीच्या आधी विहिरीवर झाली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काळात शेतावरील ‘इंजिन’ हा शब्द डिझेल इंजिनाचाच समानार्थी ठरला. विहिरीच्या काठावर वर्षानुवर्षे ठकठकणारे, आजोबांनी घेतलेले आणि नातवाने चालवलेले ते इंजिन पाहूनच ‘डिझेल मरत नाही’ हा समज रुजला.

समज खोटा नव्हता. डिझेल इंजिनात हवा साधारण १५ ते २० पट दाबली जाते, पेट्रोल इंजिनात सुमारे १० पट. तो दाब सोसण्यासाठी डिझेल इंजिनाचा सांगाडा, दांडे आणि बेअरिंगे अधिक दणकट करावी लागतात. शिवाय ते कमी फेऱ्यांवर काम करते. त्यामुळे ते टिकते. पण विहिरीवरच्या त्या इंजिनाला गिअरबॉक्स नव्हता. पट्ट्याने पंप फिरवायचा, तोही एकाच वेगाने, तासन् तास. थांबणे, निघणे, चढणे, उतरणे यांचा ताण त्याच्या वाट्याला येतच नसे. डिझेलच्या दीर्घायुष्याची ख्याती अशा यंत्राने कमावली, की ज्यात आज शोळिंगनल्लूरच्या ग्राहकाला छळणारा भागच नव्हता.

गिअरबॉक्स : मधला सोशिक भाऊ

मोटारगाडीत इंजिन आणि चाके यांच्यामध्ये मध्यस्थ लागतो, कारण इंजिनाला ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच नीट काम करता येते आणि चाकांना मात्र शून्यापासून सर्व वेग हवे असतात. १८९० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये पानार आणि लेवासोर यांनी सरकत्या दातेरी चाकांची रचना गाडीत रूढ केली. फिरती चाके एकमेकांवर ढकलायची, त्यामुळे प्रत्येक गिअरला खडखडाट. यावरचा उपाय १९२८ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आला. दात जुळण्यापूर्वी एक कड घर्षणाने दोन्ही भागांचा वेग सारखा करते. तीच सिंक्रोनायझर कडी. आज दुसऱ्या गिअरला खरखर होते, तेव्हा बहुधा हीच कडी झिजलेली असते. ती क्लचमध्ये नसून गिअरबॉक्सच्या पोटात असते, म्हणजे ‘क्लचप्लेट बदलली की झाले’ हे विधान या एका लक्षणापुरते तरी अपुरे ठरते. क्लच पूर्ण सुटत नसेल तरीही खरखर होऊ शकते, हे खरे. म्हणूनच निदान आधी आणि भाव नंतर.

स्वयंचलित गिअरची वाट वेगळी आहे. हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांसाठी द्रवाच्या प्रवाहातून शक्ती पोहोचवणारी जोडणी शोधली. १९३९ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स जाहीर झाला. साधारण त्याच सुमारास फ्रान्समध्ये अडोल्फ केग्रेस यांनी दोन क्लचांची कल्पना मांडली, ती प्रत्यक्ष बाजारात मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीत मात्र २००३ मध्ये फोक्सवॅगनने आणली. रचना जितकी चतुर, तितके तिचे बिघाड बाहेरून ओळखणे अवघड.

आता डिझेल आणि गिअरबॉक्स यांचे नाते पाहू. भारतात २००७ मध्ये आलेल्या स्विफ्टच्या डिझेल आवृत्तीत १,२४८ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. फियाटने विकसित केलेले हे मल्टिजेट इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार होई, आणि इतक्या कंपन्यांनी ते वापरले की वाहनप्रेमी त्याला थट्टेने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. त्याची शक्ती ७५ अश्वशक्ती, तर त्याच गाडीच्या १,२९८ घनसेंटिमीटर पेट्रोल इंजिनाची ८७. परंतु पीळ, म्हणजे टॉर्क, पाहिला तर चित्र उलटते. पेट्रोलचा ११३ न्यूटन-मीटर, तोही ४,५०० फेऱ्यांवर. डिझेलचा १९० न्यूटन-मीटर, केवळ २,००० फेऱ्यांवर. आकार जवळपास सारखा, पण क्लच आणि गिअर यांना पिळवटणारे बळ सुमारे ६८ टक्के अधिक. शिवाय चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीत दोन स्फोट होतात आणि डिझेलचा प्रत्येक स्फोट घणाच्या घावासारखा असतो. हे धक्के गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून १९८० च्या दशकात जर्मनीत दुहेरी वजनाचे फ्लायव्हील उत्पादनात आले. त्याच्या दोन भागांमध्ये स्प्रिंगा असतात आणि त्या धक्के गिळतात. अनेक आधुनिक डिझेल गाड्यांत ते असते. स्प्रिंगा थकल्या की इंजिन बंद करताना खडखड ऐकू येते आणि मग साध्या क्लचच्या कामाचे बिल कित्येक पटींनी वाढते.

किलोमीटर मोजतात ते वय. झीज मोजायची तर काम मोजावे लागते

१९२४ मध्ये स्वीडनच्या एसकेएफ कंपनीतील अभियंता आर्विद पामग्रेन यांनी बेअरिंगच्या आयुष्याचा नियम मांडला. त्याचे आजचे रूप अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. बॉल-बेअरिंगचे आयुष्य त्यावरील भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. वरच्या उदाहरणातील पेट्रोल गाडीचेच बेअरिंग डिझेलच्या पिळाखाली ठेवले, तर त्याचे आयुष्य जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येईल. म्हणूनच कारखाने डिझेलसाठी अधिक मजबूत गिअरबॉक्स योजतात. पण त्या मजबुतीचा हिशेब विशिष्ट वापर गृहीत धरून केलेला असतो.

पामग्रेन यांचा दुसरा विचार याहून महत्त्वाचा आहे. प्रत्येक भार आयुष्याचा थोडा थोडा अंश खातो आणि हे अंश साठत जातात. म्हणजे प्रश्न ‘किती किलोमीटर’ एवढाच नसून ‘कोणत्या भाराखाली, किती वेळा’ असा आहे. चेन्नई–बेंगळुरू महामार्गावर सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावताना गाडी बहुतेक वेळ वरच्या गिअरमध्ये असते; क्लच मोजक्याच वेळा दाबला जातो. तेवढेच अंतर शोळिंगनल्लूर ते तरमणी अशा रोजच्या खोळंब्यात कापले, तर क्लच आणि पहिले दोन गिअर यांना हजारो वेळा राबावे लागते. दोन्ही गाड्यांच्या मीटरवर मात्र एकच आकडा दिसतो. १,८०,००० हा आकडा म्हणूनच स्वतः भीतिदायकही नाही आणि आश्वासकही नाही. महामार्गावरचे पावणेदोन लाख शहरातल्या ऐंशी हजारांपेक्षा सौम्य असू शकतात.

इतक्या डिझेल गाड्या बाजारात आल्या कशा

भारतीय कुटुंबांनी डिझेल गाड्या घेतल्या त्या टिकाऊपणासाठी नव्हे, तर भावातील फरकासाठी. मे २०१२ अखेर दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांच्या पुढे गेले होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. फरक ३० रुपयांहून अधिक. त्या काळात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत डिझेलने निम्म्याहून मोठा वाटा मिळवला. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव टप्प्याटप्प्याने वाढवण्यास सुरुवात झाली, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने तो पूर्णपणे बाजारावर सोडला. फरक आटला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे कडक उत्सर्जन-मानक लागू झाले; त्यासाठी लागणारी उपकरणे लहान डिझेल गाडीला महाग पडू लागली आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले.

डिझेल गाडी घेणाऱ्याने ती भरपूर चालवावी, तरच वाढीव किंमत वसूल होत असे. साहजिकच २०१२ ते २०१५ या काळातील डिझेल गाड्या आज विक्रीला येतात त्या मोठे आकडे घेऊनच. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. चेन्नईत तशी बंदी नाही; येथे खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षे चालते. पण ग्राहकाने एक वजाबाकी विसरू नये. २०१४ ची गाडी असेल तर ही मुदत २०२९ मध्ये संपते. उरलेल्या काळावर दुरुस्तीचा खर्च वाटून पाहिला, की ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

सुट्या भागांचाही इतिहास असतो. चेन्नईजवळच्या मरैमलै नगर येथे दोन दशकांहून अधिक काळ गाड्या बनवणाऱ्या फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील गाड्यांचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. सेवा आणि सुटे भाग चालू राहतील, असेही कंपनीने सांगितले. तरीही बंद झालेल्या कोणत्याही मॉडेलचा गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी त्याचे भाग मिळतात का, किती दिवसांत आणि कितीला, हे विचारणे सौद्याचाच भाग आहे.

डिसेंबर २०१५ चे पाणी

चेन्नईतील जुन्या गाडीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, जो नागपुरात तितका तातडीचा नसतो : ही गाडी डिसेंबर २०१५ मध्ये कोठे उभी होती? १ डिसेंबर २०१५ च्या सकाळपासून चोवीस तासांत तांबरम येथे ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. अड्यार नदीला पूर आला, तळघरांतील वाहनतळ बुडाले, रस्त्यांवर हजारो गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. विमा कंपन्यांनी ज्यांचा पूर्ण नुकसानीचा दावा मान्य केला, त्या गाड्या लिलावात गेल्या. त्यांतील कित्येक दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने पल्लिकरणै दलदलीभोवतालच्या वस्त्यांत तेच चित्र पुन्हा दाखवले.

पाणी आणि गिअरबॉक्स यांचे वैर संथ असते. गिअरबॉक्स पूर्ण बंद नसतो. आतले तेल तापले की हवा बाहेर पडावी म्हणून त्याला एक छोटा श्वासमार्ग असतो. गरम गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि त्याच मार्गाने पाणी आत ओढले जाते. तेल आणि पाणी घुसळून दुधट मिश्रण बनते, त्यात वंगणाचा थर टिकत नाही. बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचे सूक्ष्म खड्डे पडतात. गाडी त्या दिवशी चालते, पुढच्या महिन्यातही चालते. खड्डे हळूहळू रुंदावतात आणि आवाज वर्षभराने येतो. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तर घर्षणचकत्यांवर कागदासारखे अस्तर चिकटवलेले असते. पाण्याने ते अस्तर सुटते.

याचा माग कागदांतही सापडतो. दावा न करणाऱ्या मालकाला विम्याच्या हप्त्यात दरवर्षी वाढत जाणारी सूट मिळते. २०१६ च्या पॉलिसीवर ही सूट एकाएकी शून्यावर आली असेल, तर त्याआधीच्या वर्षात लहान-मोठा दावा झाला असण्याची शक्यता असते. जुन्या पॉलिसी मागणे हा अविश्वास नव्हे, ती साधी चौकशी आहे.

खडे निवडणारी गृहिणी आणि अर्थशास्त्रज्ञ

मराठीत एक म्हण आहे : पाण्यात म्हैस, बाहेर मोल. डुंबणाऱ्या म्हशीचे फक्त डोके दिसते. पाय लंगडा आहे की कास सुकलेली, हे मालकाला ठाऊक, गिऱ्हाइकाला नाही. हीच कोंडी १९६०च्या दशकात जॉर्ज अकरलॉफ या तरुण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने गणितात मांडली. नव्या गाड्यांच्या विक्रीत इतके चढ-उतार का होतात, या प्रश्नाने त्यांची सुरुवात झाली. त्यातून ते जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळले. अमेरिकेत सदोष गाडीला ‘लिंबू’ म्हणतात; त्यावरून त्यांच्या निबंधाचे नाव ‘लिंबांचा बाजार’ अशा अर्थाचे आहे.

तर्क सोपा होता. ग्राहकाला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो सरासरी भाव देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरलेल्या गाड्यांचा सरासरी दर्जा घसरतो, ग्राहक भाव आणखी पाडतो, मग मध्यम गाड्यांचे मालकही निघून जातात. शेवटी बाजारात केवळ लिंबे उरतात. दोष एकाही व्यक्तीच्या लबाडीत नसून माहितीच्या विषमतेत असतो.

या निबंधाचे भारताशी असलेले नाते फारसे सांगितले जात नाही. १९६७-६८ हे वर्ष अकरलॉफ दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि निबंधाला आलेला पहिला नकार त्यांना भारतातच मिळाला. अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूने विषय क्षुल्लक ठरवला होता. आणखी दोन नियतकालिकांनी तो नाकारला. १९७० मध्ये तो क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कित्येक उदाहरणे भारतीय आहेत : खेड्यातील सावकाराचे चढे व्याजदर, निर्यातमालाच्या गुणवत्तेसाठी १९६३ मध्ये झालेला कायदा, आणि बाजारच्या तांदळातून त्याच रंगाचे खडे निवडणारी गृहिणी. ‘क्षुल्लक’ ठरलेल्या त्या विचाराला २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ हे सहमानकरी होते.

गृहिणीचे उदाहरण येथे कळीचे आहे. ती खडे निवडते तेव्हा बाजाराचा अज्ञानाचा कर स्वतःच्या वेळेने भरते. जुन्या गाडीच्या ग्राहकालाही तेच करावे लागते, फक्त त्याच्या सुपात तांदूळ नसून गिअरबॉक्स असतो.

म्हैस पाण्याबाहेर काढण्याचे उपाय

गेल्या काही दशकांत ही विषमता कमी करण्याचे मार्ग निघाले. अमेरिकेत १९७२ च्या केंद्रीय कायद्याने मीटर मागे फिरवण्यास मनाई केली. भारतात मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत नोंदणी आली. ताब्यातील गाडी कधी, कशासाठी, किती चालवली याची इलेक्ट्रॉनिक नोंदही त्यांना ठेवावी लागते. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहाराला मात्र हे कवच नाही.

दुसरे साधन गाडीतच आहे. भारत स्टेज ४ बरोबर २०१० पासून गाड्यांत स्वनिदानाची यंत्रणा सक्तीची झाली आणि २०१३ पासून तिचा दुसरा, अधिक सखोल टप्पा लागू झाला. स्टिअरिंगखालील जोडणीला वाचनयंत्र लावले की साठवलेले दोष दिसतात; ‘पी ०७००’ पासूनच्या क्रमांकांचा गट गिअरबॉक्सचा. विक्रीपूर्वी हे दोष पुसता येतात. पण पुसले की यंत्रणेच्या स्वतःच्या चाचण्याही ‘अपूर्ण’ अशा दिसू लागतात आणि त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस चालवावी लागते. पाटी कोरी दिसणे हीच कधीकधी नोंद असते. अर्थात साध्या हाताने टाकायच्या गिअरबॉक्सच्या झिजलेल्या कडीची खबर संगणकाला नसते. तेथे तेलच साक्ष देते. थोडे तेल काढून पाहावे. दुधट असेल तर पाणी, चकाकणारी भुकटी नेहमीपेक्षा अधिक असेल तर झीज, टोकदार कण असतील तर दात तुटलेले.

सावधगिरीचे कारण केवळ किरकोळ विक्रेते नाहीत. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने दोन क्लचांच्या पेट्रोल गाड्यांच्या तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीबद्दल फोर्डच्या तेथील कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. गाडी थरथरते ती चालवणाऱ्याच्या सवयीमुळे, असे ग्राहकांना सांगितले गेले होते, आणि गुणवत्तेतील त्रुटी कंपनीला ठाऊक होत्या. गिअरबॉक्सबाबतची माहिती लपते तेव्हा ती सर्व पातळ्यांवर लपू शकते.

हिशेब

आता शोळिंगनल्लूरच्या त्या गाडीकडे परत येऊ. उदाहरणादाखल आकडे धरू. निर्दोष गाडीची किंमत ४ लाख, या गाडीची ३ लाख. बिघाड क्लच आणि फ्लायव्हीलपुरता असेल तर खर्च ६०,०००. गिअरबॉक्स उघडावा लागला तर १,८०,०००. पहिल्याची शक्यता ६० टक्के, दुसऱ्याची ४० टक्के मानू. अपेक्षित खर्च ३६,००० आणि ७२,००० मिळून १,०८,००० येतो. म्हणजे न तपासता घेतलेल्या गाडीची खरी योग्यता २,९२,०००. लाखभराची सूट मोठी वाटली, तरी सौदा आठ हजारांनी तोट्याचाच.

त्याच गाडीची ५,००० रुपये देऊन स्वतंत्र मेकॅनिककडून लिफ्टवर तपासणी केली तर? बिघाड लहान निघाला तर ६०,००० खर्चून ४ लाखांची गाडी ३,६०,००० ला पडते, ४०,००० चा लाभ. मोठा निघाला तर ग्राहक निघून जातो. सरासरी लाभ २४,०००, त्यातून तपासणीचे ५,००० वजा जाता १९,०००. गाडी तीच, किंमत तीच. केवळ माहितीने तोट्याचे रूपांतर नफ्यात झाले. अकरलॉफ यांच्या निबंधाचा हा घरगुती अनुवाद आहे.

विकणारा तपासणीला नकार देत असेल तर? १९८१ मध्ये सॅनफर्ड ग्रॉसमन आणि पॉल मिलग्रॉम यांनी या प्रश्नाचे तर्कशुद्ध उत्तर मांडले. चांगली बातमी दाखवायला ज्याला खर्च येत नाही, तो ती दाखवतोच. म्हणून मौन हे वाईट बातमीसारखे वाचावे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण मूठ बाळगणाऱ्याच्या सोयीची आहे, विकत घेणाऱ्याच्या नव्हे.

यावरून निर्णयाची रेषा स्पष्ट होते. मोठा आकडा, सलग सर्व्हिसच्या नोंदी, जुन्या पॉलिसी आणि क्लचपुरता सिद्ध झालेला बिघाड, असे असेल तर १,८०,००० किलोमीटरची डिझेल गाडी निर्धास्त घ्यावी. लहान आकडा, नोंदी नाहीत, दुधट तेल आणि तपासणीला टाळाटाळ, असे असेल तर ती फुकटातही महाग. आणि बिघाड कोणता हे कळतच नसेल, तर सर्वांत मोठ्या बिघाडाचा खर्च धरूनच भाव सांगावा.

या हिशेबात एक व्यक्ती सहसा दुर्लक्षित राहते : प्रामाणिक विकणारा. प्रत्येक तेलबदलाची पावती जपणारा, पुरात गाडी उंचावर नेऊन उभी करणारा, दुसऱ्या गिअरची खरखर पहिल्याच भेटीत सांगणारा मालक. माहितीशिवायच्या बाजारात त्याला लिंबाचाच भाव मिळतो आणि तो गाडी बाजारात आणायचे सोडून देतो. ग्राहक कागद मागतो, तेल पाहतो, लिफ्टवर गाडी चढवतो, तेव्हा तो स्वतःचे पैसे तर वाचवतोच. पण त्या मालकाच्या जपलेल्या पावत्यांनाही किंमत देतो. म्हैस पाण्याबाहेर आली, तर चांगल्या म्हशीचेही मोल वाढते.